पाचवी खेप

आबांचे तेरावे होऊन चार दिवस झाले होते आणि नव्या उसाला शेवटचे पाणी मिळून बारा. मार्चातले ऊन. गुडघाभर ऊस दुपारी पानांच्या सुरळ्या करून उभा राहायचा आणि उन्हे कलली की त्या सुरळ्या उलगडायच्या. कालपासून त्या संध्याकाळीही उलगडेनाशा झाल्या होत्या.

विहिरीवर हरिबाची खटपट चालली होती. हरिबा हा घरचा गडी. मूळचा जतकडचा, मेंढरे विकून दहा वर्षांमागे इकडे आला आणि इथलाच झाला. त्याने मोटेचा नाडा बैलांच्या जुवाला अडकवला, मोट विहिरीत सोडली, ती बुडून भरल्याचा आवाज आला. आता बैलांनी विहिरीपासून उतरत गेलेल्या धावेवरून खाली चालत जायचे, म्हणजे मोट वर यायची आणि थारोळ्यात पाणी ओतायची. एवढेच काम. पण बैल जागचे हलेनात.

"चल रं पाखऱ्याऽ! चल बाशिंग्याऽ!"

पाखऱ्या आणि बाशिंग्या समोर बघत उभे राहिले. हट्टाने नव्हे. कोणाची तरी वाट बघावी तसे.

अंजनाचे चुलते हंबीरराव थारोळ्याच्या दगडावर बसून सकाळपासून हेच बघत होते. "फटका लाव की एक."

"लावला. दोन लावलं. कातडं हलिवत्यात आन् हुबं ऱ्हात्यात." हरिबाने डोईचे मुंडासे सोडून तोंड पुसले. "आप्पा, जोडी कानडी मुलखातली हाय. थांबा, मी बोलतो त्यांच्याशी."

"बोल. घे वकीलपत्र."

हरिबा बैलांच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. "नडी, नडी! होगु!"

पाखऱ्याने एक कान हलवला.

"कान हालीवला बगा!"

"कानानं मोट निगत न्हाई, हरिबा."

जांभळीच्या सावलीत बसून अंजना हे बघत होती. मांडीवर फ्रेंचचे व्याकरण उघडे होते. परवापासून तेच पान उघडे होते. बुधवारी सांगलीला इंटरचा फ्रेंचचा पेपर होता आणि त्यासाठी सोमवारी ताकारीच्या स्टेशनावर गाडी गाठायला हवी होती. आज शुक्रवार. बेचाळीसच्या धामधुमीत तिचे एक वर्ष गेले होते, त्याआधी टायफॉइडमध्ये एक. वयाच्या बाविसाव्या वर्षी ती तिच्याहून लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसत होती. आता चुकले, तर घरात पुन्हा पाठवणारे कोणी उरले नव्हते.

बैल का चालत नाहीत हे तिला ठाऊक होते. तिथल्या माणसांत तिला एकटीलाच. पण ती बोलली नव्हती. काल नाही, आज नाही. ठरवून गप्प बसली होती असेही नव्हे. जिथून शब्द निघतो तिथे काही हालचालच नव्हती. तिच्या मनात एवढेच आले की हरिबाच्या मुंडाशाला खालच्या बाजूने एक टाका पडला आहे आणि तो पांढऱ्या दोऱ्याऐवजी काळ्याने घातला आहे.

*

आबा, म्हणजे अंजनाचे वडील नाथाजीराव, मागच्या लढाईत सफरमैना पलटणीत होते. खंदक खोदायचे, पूल बांधायचे. फ्रान्सच्या मातीत त्यांनी तेरा महिने काढले आणि येताना तिथले चार शब्द आणले, तेही नमस्कार, पाव, अंडी आणि चिखल. "तेरा म्हयनं त्यांच्या चिखलात ऱ्हायलो, पर त्यांच्यासंगं चार वाक्यं धड बोललो न्हाई," असे ते म्हणत. त्यामुळे अंजनाने कॉलेजात संस्कृत सोडून फ्रेंच घेतले तेव्हा साऱ्या भावकीला आश्चर्य वाटले, आबांना वाटले नाही. उलट पोरीला इंग्रजांची भाषा पुरेना म्हणून आणखी एक, असे हंबीररावांनी हिणवले तेव्हा आबा म्हणाले, "तुला एक बी येत न्हाई, तवा तू मोजू नगंस."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा ही जोडी नवीनच आली होती. नांगराला चांगली, पण मोट त्यांनी कधी पाहिली नव्हती. आबा पहाटेपासून त्यांना धावेवर शिकवत आणि अंजना जांभळीखाली बसून क्रियापदे पाठ करी. लहानपणी पाढे म्हणत तशीच, मोठ्याने, हेल काढून.

"ही कुठली गं लावणी?" आबांनी विचारले.

"लावणी नाही आबा, क्रियापद आहे. दोने. म्हणजे देणे."

"पुन्यांदा म्हण."

तिने वर्तमानकाळ म्हणून दाखवला. आबांनी मान हलवली. "आखूड हाय. मोट बुडायच्या आत सपतं. दुसरं काय हाय?"

मग तिने एकेक काळ म्हणून दाखवला. भविष्यकाळ त्यांना तोंडात बसेना. शेवटी ती त्या काळावर आली जो त्या महिन्यात वर्गात चालला होता. झावे दोने. त्यू आवे दोने. इलावे दोने. नूझाव्यों दोने. वूझाव्ये दोने. इल्झावे दोने.

"हे बसलं," आबा म्हणाले. "ही चाल मोटंला बसली. ह्याचा अर्थ काय?"

"मी दिले होते, तू दिले होतेस, त्याने दिले होते."

"दिलं आन् दिलं हुतं, ह्यात फरक काय?"

तिने जरा विचार केला. "एक गोष्ट होऊन गेलेली असते बघा. तिच्याही आधी जी होऊन गेली, ती ह्या काळात सांगायची."

"म्हंजी मागच्या मागचं."

"हो."

"आन् काय दिलं हुतं?"

"काही नाही. नुसतं क्रियापद आहे."

"असं कसं? कायतरी दिल्याबिगर दिलं हुतं कसं म्हणायचं?" मग त्यांनी स्वतःच ठरवले. "पाणी म्हण. मी पाणी दिलं हुतं. त्वा पाणी दिलं हुतंस. आता बरुबर."

तेव्हापासून आबांच्या मोटेवर तेच चालले. एका खेपेला एक रूप. मोट बुडेपर्यंत पहिले शब्द लांबवायचे, मोट भरली की 'दोने' म्हणून नाड्यावर बसायचे, आणि त्या शब्दाला बैल धावेवरून खाली निघायचे. मग शीळ घालून त्यांना मागे घ्यायचे आणि पुढचे रूप. गावात हसू झाले. विहिरीवरून जाणारा-येणारा म्हणायचा, नाथाजीची मोट साहेबी बोलती. आबा त्यालाही 'दोने' म्हणून दाखवत. सगळ्यांना ती आबांची गंमत वाटे; बैल त्याच शब्दावर निघतात हे हरिबाच्या किंवा हंबीररावांच्याही ध्यानात आले नव्हते. नाताळात ती परत आली तेव्हा बैल पक्के झाले होते. मोटेवर दुसरी कुठली हाक त्यांनी ऐकलीच नव्हती.

आणि फेब्रुवारीत तार आली. तापाचे तीन दिवस. ती पोहोचली तेव्हा आबांना नेले होते, अंगणात चुलवण विझलेले होते आणि बायका निघून जात होत्या. थोरला भाऊ लालासाहेब इटलीत लढाईवर. त्याला पत्र टाकले होते, ते पोहोचले की नाही कळायला मार्ग नव्हता.

अंजना रडली नाही. बायका म्हणाल्या, शिकलेल्या पोरी अशाच. तिला त्याचेही काही वाटले नाही. ती जेवत होती, झोपत होती, विचारले तर उत्तर देत होती. फक्त पुस्तकाचे ते पान उघडले की अक्षरे दिसायची आणि आवाज यायचा नाही.

*

त्या दिवशी तिन्हीसांजेला हंबीरराव ओसरीवर येऊन बसले. आत भिंतीशी रंगूबाई बसल्या होत्या, अंजनाची आई. महिना होईपर्यंत त्यांनी उंबरा ओलांडायचा नव्हता. त्या मोठ्या आवाजात बोलायच्याही थांबल्या होत्या. बोलल्या तर समोरच्यापुरते.

"वयनी, ऊस जातोय," हंबीरराव म्हणाले. "माज्या मोटंवर माजाच ऊस वल्ला हुईना. मागल्या पाण्याला माजी जोडी दिली, आता देता येत न्हाई. ह्या बैलांस्नी म्हसवडच्या बाजारला न्यावं आन् चालती जोडी आणावी, तर आठ दिस जात्याल. तवर बांधाला लावायला बी ऊस ऱ्हायचा न्हाई."

रंगूबाईंनी पदर सारखा केला.

"बैलांनी दुक्क धरलंय, दुसरं काय. मानसापरीस मुकं जनावर बरं." हे म्हणताना त्यांची नजर अंजनाकडे गेली आणि मग त्यांनाच ओशाळे वाटले असावे. "आन् पोरी, ह्या साली परीक्षेचं ऱ्हाऊ दे. आयला एकटीला टाकून कुठं जातीस? पुढल्या साली बगू."

"बरं," अंजना म्हणाली.

तिला ऐकू आले की आपण बरं म्हटले. पुढल्या साली कोणी बघणार नाही हेही तिला त्याच वेळी कळले, दूरच्या घरात भांडे पडल्याचे कळावे तसे.

हंबीरराव गेले. रंगूबाईंनी दिव्याची वात सारली आणि खाली मान घालूनच म्हटले, "अंजे, ते बैल तुज्या बाच्या गाण्यावर चालायचं."

"हो."

"तुला येतंय न्हवं ते?"

"येतं."

"मग?"

अंजनाने पुस्तक उचलून कोनाड्यात ठेवले. रंगूबाई उठून आत भाकरी थापायला गेल्या. थापण्याचा आवाज नेहमीसारखाच येत होता.

*

शनिवारी दिवस उगवायला अंजना विहिरीवर गेली. हरिबा बैल जुंपून उभा होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आले नसते. ती त्याच्या हातातला कासरा घेऊ लागली तेव्हा तो मागे सरला.

"अक्का, आवं काय करताय? आप्पा बगतील तर मला झोडतील."

"तू उसात जा. वाफ्यांची दारं धर."

"पाणी कुठंय दारं धरायला?"

"जा तू."

तो गेला. अंजनाने मोट सोडली. ती पाण्याला लागली, आडवी झाली, भरू लागली. बैल समोर बघत उभे होते. तिने तोंड उघडले आणि मिटले. मोट भरून नाडा ताणला गेला. पाखऱ्याने मागे वळून तिच्याकडे पाहिले, आणि ज्याची वाट होती ते हे नव्हे असे दिसल्यावर पुन्हा मान फिरवली.

"झावे," ती म्हणाली. आवाज खरखरला. "झावेऽऽ दोने."

बैल चालू लागले.

असे सहज, की ती नाड्यावर बसायची विसरली आणि मागोमाग धावतच उतरली. वर थारोळ्यात पाणी कोसळले. तिने शीळ घालायचा प्रयत्न केला, जमले नाही, पण बैलांना मागे यायचे ते ठाऊक होते. दुसरी खेप. तिसरी. चौथीला ती नाड्यावर बसली. वर दगडी पाटातून पाणी वळले आणि उसाच्या दिशेने निघाले. तिला काही वाटत नव्हते. शब्द येत होते, बैल जात होते, बस.

पाचव्या खेपेला मोट भरली. "वूझाव्येऽऽ दोने," ती म्हणाली.

बैल हलले नाहीत.

तिने पुन्हा म्हटले. उच्चार नीट केला, वर्गात करतात तसा. बैल उभे. लांबून हरिबा ओरडला, "काय झालं अक्का?" नाडा ताणून राहिला होता आणि मोटेतून थेंब थेंब पाणी खाली विहिरीत पडत होते. तिने तिसऱ्यांदा म्हटले. पुस्तकात इथे थांबायचे काही कारण नव्हते. पाचवे, मग सहावे. मध्ये काही नाही.

"आलंऽऽ!"

हाक उसाच्या शेवटच्या वाफ्यातून आली होती. बैल चालू लागले.

अंजनाने नाड्यावरून मान वळवून पाहिले. उसाच्या पलीकडच्या बांधावर रंगूबाई उभ्या होत्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, पाय घोट्यापर्यंत धुळीत. त्यांनी उंबरा ओलांडला होता, नव्हे, अख्खे शेत ओलांडले होते.

बैल मागे आले तोवर त्याही विहिरीशी पोहोचल्या. "पाचव्याला ते थांबायचं," त्या दम घेत म्हणाल्या. "थांबून मला इचारायचं, पाणी आलं का गं. मी दारं धरून असायची तिकडं. मी आलं म्हटलं की मगच बैल निघायचं. नाताळ करून तू कॉलीजात गेलीस तवापास्नं. तुला कसं ठावं असंल."

"तुला सगळं येतं?"

"चार म्हयनं ऐकलंय. दोन डोळं उसात आन् दोन कान हितं." रंगूबाईंनी बाशिंग्याच्या पाठीवर हात ठेवला. "ते म्हणायचं, रंगू, आपुण पाणी दिलं हुतं हे एवढं सा तऱ्हेनं सांगता येतंय बग."

नऊच्या सुमाराला हंबीरराव आले. उसात पाणी पाहून त्यांनी आधी हरिबाच्या पाठीत थाप घातली आणि मग त्यांना खरे कळले. ते थारोळ्याच्या दगडावर बसले आणि हसू लागले, आवरेना.

"बरं झालं! मग आता सांगलीला जायचं कशाला? तिकडं कागुदावर लिवायचं ते हितं बैलास्नी सांग. बैल तर एका शब्दात पास करत्यात."

हरिबाही हसला. हंबीरराव थांबले आणि मग गंभीर होऊन म्हणाले, "चेष्टा सोड. आता खरंच तुला ऱ्हावं लागतंय पोरी. दुसऱ्या कुणाला ही भाषा येत न्हाई."

अंजना कासरा हातात घेऊन उभी होती. 'बरं' हा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता.

"मला येती," रंगूबाई म्हणाल्या.

"वयनी?"

"मोट मी हाकती. सोमवारी ती जाईल."

"आवं पर तुमी... म्हयना झाल्याबिगर भाईर... आन् बाईमाणूस मोटंवर? लोकं काय म्हणत्याल?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या. मला काय ऐकू येणार हाय, मी मोटंवर मोठ्यानं वरडत असनार." त्यांनी अंजनाच्या हातातून कासरा घेतला. "आन् भावजी, ऊस जळल्यावर म्हयना पाळून कुणाला दावू?"

हंबीररावांनी हरिबाकडे पाहिले. हरिबा म्हणाला, "मला निस्तं 'आलं' म्हणायचंय न्हवं? ते जमंल."

मग रंगूबाईंनी मोट सोडली. पदर कमरेला खोचला. त्या म्हणत होत्या ते पुस्तकातले फ्रेंच नव्हते. आबांनी घासून गुळगुळीत केलेले होते, त्यात नाकातले आवाज गळून गेले होते, आणि तिसऱ्या रूपात एक 'गं' आला होता जो बहुधा आबांनी बायकोला मारलेल्या हाकेतला होता. अंजनाला प्रत्येक चूक ऐकू आली. ती दुरुस्त करायला गेली नाही. पाचव्याला रंगूबाई थांबल्या आणि त्यांनी उसाकडे तोंड करून विचारले, "आलं का रंऽऽ?"

"आलंऽऽ!" हरिबा ओरडला.

सोमवारी पहाटे हंबीररावच बैलगाडीने तिला ताकारीला सोडायला निघाले. विहिरीच्या वळणावर आवाज ऐकू येत होता, चौथे रूप, मग पाचवे. सहावे ऐकू येण्याच्या आत गाडी ओढ्यात उतरली.

"लय बेसूर म्हणत्यात वयनी," हंबीरराव बैलांच्या शेपटीकडे बघत म्हणाले. "पर चालत्यात बैल."

"हो," अंजना म्हणाली.

*

सांगलीत बुधवारी अकराला पेपर सुरू झाला. उंच छताच्या हॉलमध्ये बाकांच्या रांगा होत्या आणि पर्यवेक्षक बूट न वाजवण्याची काळजी घेत त्यांच्यामधून फिरत होते. पहिला प्रश्न उताऱ्याचे भाषांतर. तिने केले. दुसरा केला. तिसऱ्यात नियमित क्रियापद पूर्ण भूतकाळात सहाही रूपांत चालवायचे होते. दिलेले क्रियापद 'पोर्ते' होते, वाहून नेणे. सोपा प्रश्न होता. पोरे-टोरे एका दमात लिहून पुढे गेली असतील.

तिने पहिले रूप लिहिले. दुसरे, तिसरे. चौथे. पाचवे लिहिले आणि टाक उचलला.

आता बारा वाजून गेले होते. या वेळी मोट सुटलेली असते. बैल जांभळीखाली कडबा खात असतील, आई घरी असेल, हरिबा कांदा फोडत बसला असेल. विहिरीवर कोणीही नव्हते, हे तिला माहीत होते. टाकाच्या टोकाला शाई जमत होती.

पर्यवेक्षक तिच्या बाकाशी थांबले. "पुरवणी हवी आहे का?"

तिने नकारार्थी मान हलवली. त्यांनी तिच्या उत्तरपत्रिकेकडे पाहिले, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि खिशातून रुमाल काढून बाकावर ठेवला व पुढे गेले. तेव्हा तिला कळले की गाल ओले आहेत. कधीपासून ते तिला सांगता आले नसते. कागदावर एक थेंब पडून चौथ्या ओळीतले एक अक्षर पसरले होते.

शेवटच्या वाफ्यातून हाक विहिरीपर्यंत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती थांबली. मग तिने सहावे रूप लिहिले आणि पान उलटले.